अभिरूप विधानसभा घ्यायची तर आधी कागद, भाषणं मागून

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की खेड्यातल्या हायस्कूलात नववी ते अकरावीच्या ४० पोरापोरींना घेऊन दोन दिवसांची अभिरूप विधानसभा (म्हणजे पोरांनी खेळून पाहायची विधानसभा) घ्यायची आहे, कायदा कसा बनतो एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ, तर तयार स्क्रिप्ट कुठं मिळेल आणि सुरुवात कुठून करू. स्क्रिप्टचं आधी सांगून टाकतो. मिळते, पाहिजे तेवढी मिळते, पण घेऊ नका. मी यवतमाळ जिल्ह्यात पंधरा-सोळा वर्षं हे करून राहिलो, त्यातली पहिली दोन वर्षं स्क्रिप्टवरच काढली आणि ती वाया गेली असंच म्हणीन.

पहिल्या वर्षी काय झालं ते ऐका. पोरांनी टीव्हीवर जे पाहिलं होतं तेच केलं. राजदंड म्हणून कोणाच्या तरी घरचं मुसळ अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं होतं, ते पाचव्या मिनिटाला विरोधी पक्षाच्या पोट्ट्यानं पळवलं, मग हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, बसून घोषणा, कागद फाडून उधळणं, सभात्याग, बाहेर पायरीवर उभं राहून पत्रकार परिषद, पुन्हा आत. पाहुणे एकदम खूष, एका पोराला तर तिथल्या तिथं शंभराची नोट बक्षीस. संध्याकाळी सतरंज्या गुंडाळता गुंडाळता नववीतला एक पोरगा मला म्हणतो, "सर, पन विधेयक कोनतं होतं?" मी आठवायला गेलो तर मलाच धड सांगता येईना. स्क्रिप्टमध्ये होतं काहीतरी शिक्षण सुधारणा वगैरे.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलो आहे, पोरांना कागदावर भांडू द्यायचं. कायद्यातला एकेक शब्द कोणीतरी भांडून घातलेला असतो किंवा भांडून काढलेला असतो, आणि हे एकदा स्वतः करून पाहिलं की बाकीचं पुस्तकातलं आपोआप डोक्यात बसते. म्हणून एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ मसुदा लिहिणं आणि खंडशः चर्चा (म्हणजे विधेयकातल्या एकेका कलमावर, खंडावर, चर्चा) यालाच द्या, मंत्रिमंडळाचा शपथविधी, अभिनंदनाची भाषणं, शोकप्रस्ताव हे सगळं पंधरा मिनिटांत उरकलं तरी चालते.

आपल्याकडं ही कल्पना काही नवी नाही, केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद १९६६ पासून शाळांमध्ये चालू आहे. पण आपल्याकडं तिची स्पर्धा होऊन बसली, आणि स्पर्धा म्हटलं की वक्तृत्वाला मार्क. अमेरिकेत वायएमसीए या तरुणांच्या संस्थेवाले १९३६ पासून, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीपासून सुरुवात करून, हायस्कूलच्या पोरांना राज्याच्या खऱ्या सभागृहात नेऊन बसवतात. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट सभागृह नाही (ते आपल्याला कोण देते बाप्पा), घ्यायचं एवढंच की तिथं पोरं विधेयक स्वतः लिहून आणतात.

आता विषय निवडणं. इथंच निम्मी लढाई आहे. पोरांना मोकळं सोडलं की पहिल्या फेरीत जे येते ते साधारण असं: सकाळची एसटी वेळेवर यावी, शाळेत पाण्याची टाकी, गावातली दारू बंद, डुकरं न् रोही (नीलगाई) वावरात येतात त्यांचा बंदोबस्त, भारनियमन, बोगस बियाणं. सगळं फळ्यावर लिहून घ्या, एकही खोडू नका, आणि मग एकेका विषयाला विचारा की याला नवा कायदा लागते का? एसटीची वेळ बदलायला कायदा लागत नाही, आगार व्यवस्थापकाला अर्ज लागतो. टाकीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. दोन पोरांना तिथंच बसवून तो अर्ज लिहून घ्या आणि खरंच पाठवा, आमचे असे चार-पाच अर्ज गेले, एकाचं उत्तरही आलं. कायदा कुठं लागत नाही हे कळणं हा या कार्यक्रमातला अर्धा अभ्यास आहे, आणि आपल्या बऱ्याच मोठ्या माणसांनाही तो झालेला नाही.

दुसरी चाळणी, हे कोणाच्या हातात आहे. राज्यघटनेची सातवी अनुसूची काढा, तीन याद्या आहेत, केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. शेती, पाणी, पोलीस, सार्वजनिक आरोग्य, दारू हे राज्याच्या यादीत. शिक्षण, वनं आणि वन्यप्राणी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्याच्या यादीतून समवर्तीत गेले. म्हणून डुकराचं विधेयक आणणाऱ्या गटाला सांगावं लागते की बाबाहो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा केंद्राचा आहे, त्याच्याशी तुमचा कायदा आपटला तर केंद्राचाच चालते, राष्ट्रपतींची संमती मिळवली तर गोष्ट वेगळी. पोरं हिरमुसतात. मग त्यांना विचारा की डुक्कर मारण्याचं सोडून राज्याला काय काय करता येते, झटका मशीनला (कुंपणाला विजेचा हलका झटका देणाऱ्या यंत्राला) अनुदान देता येते का, तर ती पुन्हा उठून बसतात.

दारूबंदीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण हा विषय विदर्भात येणारच. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी, गडचिरोलीत बायांच्या आणि गावांच्या आंदोलनानंतर १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. पोरांना वाटते दर वेळी नवा कायदा झाला असेल. तसं नाही, राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चाच आहे, त्याच्या आधारानं सरकारनं एकेका जिल्ह्यासाठी निर्णय घेतला, आणि ज्या हातानं बंदी केली त्याच हातानं ती चंद्रपुरात उठवता आली. कायदा सभागृहात होतो आणि त्याच्या पोटातले नियम आणि अधिसूचना मंत्रालयातून निघतात, हा फरक समजवायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही. पण सांभाळून. एका वर्षी एक दहावीतली पोरगी या विषयावर बोलायला उभी राहिली, दोन वाक्यं चांगली बोलली आणि तिसऱ्यात घरचं सांगायला लागली अन् थांबलीच, सगळं सभागृह खाली पाहून राहिलं. चूक माझी होती. तेव्हापासून नियम केला की सभागृहात स्वतःच्या घरचं उदाहरण द्यायचं नाही, "माझ्या मतदारसंघात" म्हणायचं. ही खऱ्या आमदारांचीच सवय आहे, पण इथं ती पोरांच्या अंगावरचं पांघरूण होते.

मसुद्याला हात लावण्याआधी एक खरा कायदा पोरांसमोर उलगडून ठेवा, एकच, दहा नको. मी दोन आलटून पालटून वापरतो. एक रोजगार हमीचा. पोरांना आदल्या दिवशी सांगायचं की आजीला विचारून या, रोहयोच्या कामावर गेली होती का. निम्म्या आज्या गेलेल्या असतात, खडी फोडली, बंधाऱ्यावर माती टाकली, मजुरी किती मिळाली हे पोरं लिहून आणतात. मग सांगायचं की १९७२ च्या दुष्काळात हे योजना म्हणून मोठं झालं, वि. स. पागे म्हणून विधान परिषदेचे सभापती होते त्यांची मूळ कल्पना, १९७७ मध्ये विधिमंडळानं त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आता पोरांना विचारायचं की काम तर आधीही मिळत होतं, मग कायदा कशाला? उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या, वेळ लागला तरी. एकदा एका पोरानं म्हटलं होतं, "योजना म्हनजे सरकारची मर्जी, कायदा म्हनजे आजीचा हक्क." मी ते फळ्यावर लिहिलं अन् तास संपवला. पुढं २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला त्याचं मूळ आपल्या इथं आहे हेही सांगा, पोरांना बरं वाटते.

दुसरा जादूटोणाविरोधी कायदा. तो प्रक्रिया शिकवायला उत्तम, कारण त्यात सगळं आहे. विधेयक कित्येक वर्षं अडकलेलं, मसुद्यात किती काटछाट, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि चारच दिवसांत राज्यपालांच्या सहीनं अध्यादेश निघाला, मग डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर. इथं पोरं विचारतात की अध्यादेश होता तर पुन्हा विधेयक कशाला. कारण अधिवेशन चालू नसतानाच अध्यादेश काढता येतो आणि सभागृह पुन्हा भरलं की सहा आठवड्यांत तो आपोआप संपते, तोपर्यंत विधेयक पास करून घ्यावं लागते. शेवटी त्याची अनुसूची वाचून दाखवा, १२ कलमं आहेत, नेमकी कोणती कृत्यं गुन्हा हे एकेक करून लिहिलेलं आहे. "अंधश्रद्धा" म्हणून एक शब्द टाकून मोकळं का नाही झाले यावर अर्धा तास जातो, जाऊ द्या.

आता मसुदा. एक पान, सहा किंवा सात खंड, याच्या वर नाही. नाव आणि लागू होण्याची तारीख, व्याख्या, मुख्य गोष्ट, कोण अंमलात आणणार, पैसा कुठून, मोडला तर काय. शेवटी "उद्देश व कारणे" म्हणून आठ-दहा ओळी. व्याख्येच्या खंडावर सगळ्यात जास्त वेळ लावा आणि "करील" व "करता येईल" यातला फरक पहिल्याच तासाला डोक्यात घाला. "अधिकारी पंचनामा करील" म्हटलं तर त्याला करावाच लागते, "करता येईल" म्हटलं तर साहेब म्हणणार पाहू नंतर. पोरं हे पटकन पकडतात, घरी रोज तेच चालू असते ना.

एक मसुदा कसा चालला तो जरा जवळून सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. बोगस बियाण्याचं विधेयक होतं. त्या वर्षी आमच्या पट्ट्यात बऱ्याच जणांचं सोयाबीन उगवलं नव्हतं, दुबार पेरणी झाली होती, त्यामुळं विषय पेटलेलाच. गटानं खंड ३ असा लिहून आणला: "बियाणे न उगवल्यास विक्रेता शेतकऱ्यास १५ दिवसांत भरपाई देईल." झालं, सगळ्यांनी बाकं वाजवली. मी काही बोललो नाही. मागच्या बाकावर एक पोरगी बसली होती, तिच्या बाबांचं कृषी केंद्र आहे, ती हळूच उठली. "अध्यक्ष महाराज, माह्या मतदारसंघातल्या दुकानदारानं बॅग खोलली बी नाई, जशी कंपनीतून आली तशीच इकली, त मंग त्यानं काहून भरायचं?" सत्ताधारी बाकावरून लगेच, "नफा घेते तेव्हा नाई विचारत काहून भरायचं!" ती म्हणे, बॅगमागं नफा किती असते सांगू का. अन् सांगितला. सभागृह गप.

मग तिनं सुधारणा दिली, लेखी, आमच्याकडं तोंडी सुधारणा चालत नाही. "विक्रेता" हा शब्द काढून "उत्पादक कंपनी" घाला. त्यावर दुसऱ्यानं म्हटलं की कंपनी हैदराबादले, शेतकरी पंधरा दिवसांत तिथं जाईल का, विक्रेत्यानं भरावं आणि मागून कंपनीकडून वसूल करावं. तिसरा उठला तो सरळ शेतकऱ्यावरच, "पानी नाई अन् धूळपेरनी केली, अन् बिल दुकानदारावर फाडता का?" कृषी खातं दर वर्षी ओरडून सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण ज्याच्या वावरात दोन दिवस ओल आहे त्याला मिलिमीटर कोण मोजून देणार, हाही मुद्दा बरोबर, तो पण आला.

दुपारी जेवायला पोरं घरी गेली आणि येताना दोघं-तिघं बॅगला शिवलेले टॅग घेऊन आले. हे मी सांगितलं नव्हतं. एका टॅगचा कोपरा उंदरानं कुरतडलेला, पण निळा रंग स्पष्ट, म्हणजे प्रमाणित बियाणं, आणि त्यावर छापलेलं उगवणशक्ती किमान ७० टक्के. आता "न उगवल्यास" म्हणजे काय? एकही दाणा नाही उगवला तर? की ७० च्या खाली गेलं तर? आणि ६८ आलं तर भरपाई पूर्ण की दोन टक्क्यांची? इथून खरा कायदा सुरू झाला मॅडम. व्याख्येत "न उगवणे म्हणजे टॅगवर छापलेल्या टक्केवारीपेक्षा कमी उगवण" असं आलं, मग ती मोजायची कोणी, तर तालुक्याची तक्रार निवारण समिती असते तिनं, मग शेतकऱ्याकडं पुरावा काय, तर बिल, टॅग, रिकामी बॅग आणि मूठभर बियाणं जपून ठेवलेलं पाहिजे. हे चारही कृषी सहायक दर वर्षी सांगतो आणि कोणी ऐकत नाही, पण ते खंड ४ मध्ये पोरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. बियाण्याचा केंद्राचा कायदा १९६६ चा आहे हे मी सांगितलं, आपल्या राज्याचा कापूस बियाण्यापुरता २००९ चा कायदा आहे हेही सांगितलं, आणि सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये म्हटलं आहे की बियाणं फसलं तर शेतकरी ग्राहक मंचात (आता ग्राहक आयोग) जाऊ शकतो, हे सांगितल्यावर एक पोरगा उठून बाहेर गेला, मला वाटलं पाणी प्यायला गेला, तर तो फोन करून बापाला सांगून आला.

"विक्रेता" की "उत्पादक कंपनी" यावर मतदान झालं. आधी आवाजी. अध्यक्ष म्हणतात, "ज्यांचे मत अनुकूल असेल त्यांनी होय म्हणावे, ज्यांचे मत प्रतिकूल असेल त्यांनी नाही म्हणावे." नाहीवाल्यांचा आवाज मोठा, पण होयवाल्यांनी मतविभागणी मागितली, उभं करून मोजलं तर १८ आणि १८. अध्यक्ष एरवी मत देत नाही, समान मतं पडली तरच निर्णायक मत देते. आमची अध्यक्ष अकरावीतली पोरगी, तिच्या घरी शेती, मन कुठं असेल ते दिसूनच राहिलं होतं. पण तिला मी आधी सांगून ठेवलं होतं की प्रथा अशी आहे की समसमान असलं तर अध्यक्षानं आहे तसं राहू द्यावं, नवा बदल आपल्या एका मतानं घडवू नये. तिनं दोन मिनिटं घेतली अन् सुधारणा पडली असं जाहीर केलं. कृषी केंद्रवाली पोरगी दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

माणसं कशी वाटायची तेही या ओघात सांगतो. ४० पोरं असतील तर १ अध्यक्ष, ३ जण सचिव आणि प्रतिवेदक (कामकाज लिहून घेणारे), उरले ३६ मतं देणारे. हे सचिव-प्रतिवेदक म्हणजे गप्प पोरांसाठी सोनं आहे, जी उभी राहून बोलत नाहीत ती असा हिशोब ठेवतात की विचारू नका. मंत्री पाचच करा. सगळ्यांना मंत्री व्हायचं असते, पण मुख्यमंत्री धरून मंत्री सभागृहाच्या १५ टक्क्यांच्या वर नकोत हे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं घातलेलं बंधन आहे, म्हणून खऱ्या २८८ च्या विधानसभेत ४३ पर्यंतच जाते, अन् अध्यक्ष धरून आपल्या ३७ ला पाच. मी हे गणित फळ्यावर करतो आणि भांडण तिथंच मिटते. अध्यक्ष चांगला बोलणारा निवडू नका, चांगलं ऐकणारा निवडा. अर्ध्या पोरी पाहिजेत आणि त्या पुढच्या बाकांवर पाहिजेत, नाहीतर काही न सांगताच मागं जाऊन बसतात. खऱ्या पक्षांची नावं, झेंडे, नेत्यांची नक्कल काही नको, गावात संध्याकाळी त्याचे अर्थ लागतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी काका शाळेत येते.

पक्षादेश, म्हणजे व्हीप, पहिल्या दिवशी ठेवू नका. दुसऱ्या दिवशी एका मतदानाला लावा, आणि घटनेच्या दहाव्या अनुसूचीचं, म्हणजे पक्षांतरबंदीचं, सांगा, १९८५ मध्ये आली, व्हीप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. आदल्या दिवशी ज्याला पटलं तिकडं हात वर करणारी पोरं दुसऱ्या दिवशी पक्षाकडं पाहून हात वर करतात, त्यांच्या तोंडावर जे दिसते त्यावर तुम्हाला वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

विधान परिषद करायची का? पोरांमधून नको, ४० मध्ये दोन सभागृहं म्हणजे दोन्हीकडं उपास. मी गावातली चार मोठी माणसं बसवतो. खऱ्या परिषदेत ७८ जण, ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक संस्थांचे, ७ पदवीधर, ७ शिक्षक, १२ राज्यपालांनी नेमलेले, हे सांगून टाकायचं. साधं विधेयक परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेनं पुन्हा पास करून पाठवलं तर आणखी एक महिना अडवू शकते, कायमचं पाडू शकत नाही, धन विधेयकाला (कर, सरकारी खर्च यांच्या विधेयकाला) तर १४ च दिवस. आम्ही महिन्याला पाच मिनिटं धरतो. त्या बियाण्याच्या विधेयकावर परिषदेतल्या बचत गटाच्या ताईंनी एकच प्रश्न केला, "सातबारा नवऱ्याच्या नावानं, बिल पोराच्या नावानं, अन् पेरलं म्या. तुमच्या कायद्यात शेतकरी कोन?" व्याख्येच्या खंडात "शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे सातबारा आहे" असं लिहिलं होतं. ३६ पोरांच्या, आणि माझ्याही, ध्यानात आलं नव्हतं. विधेयक परत खाली गेलं आणि "जी व्यक्ती जमीन कसते" असं होऊन आलं.

राज्यपाल आमच्याकडं एक निवृत्त तलाठी काका असतात. राज्यपालांना सही करता येते, संमती रोखता येते, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवता येते, आणि धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवता येते. काकांनी परत पाठवलं. संदेश एका ओळीचा: पंचनाम्याला समितीतलं कोणी आलंच नाही तर काय, ते लिहिलेलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी बोलून राहिली होती ती. पोरं लय चिडली, पण खंड ५ मध्ये सात दिवसांची मुदत घालावीच लागली. तेच विधेयक सभागृहानं पुन्हा पास केलं की राज्यपालांना संमती रोखता येत नाही, बदल केला असो की नसो, हे कळल्यावर काकांकडं पाहून सगळे हसले.

जमलं तर डिसेंबरात नागपूरला न्या. १९५३ च्या नागपूर करारामुळं वर्षातून एक अधिवेशन आपल्याकडं होते, त्याचा आपल्या पोरांनी फायदा घ्यायचा नाही तर कोणी. आमदारांच्या कार्यालयातून पत्र घेऊन प्रेक्षक गॅलरीचे पास मिळवावे लागतात, नावांची यादी बरीच आधी द्या. आमची पोरं पहिल्यांदा गेली तर सभागृहात मोजून तीस-पस्तीस जण बसलेले, पोरांना वाटलं सुट्टी झाली का. मग त्यांनीच एकमेकांना सांगितलं की एक दशांश म्हणजे २९ असले की गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, होते. लक्षवेधी (मंत्र्याचं एखाद्या तातडीच्या प्रश्नाकडं लक्ष वेधणारी सूचना) चालू होती. आपल्या अध्यक्षापेक्षा तिथला अध्यक्ष जास्त घंटी वाजवते असं एकीनं परतीच्या गाडीत सांगितलं.

तारखांचं एक. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचणी, अर्धी पोरं शाळेत नसतात, फेब्रुवारीपासून परीक्षा. मी पोळ्याच्या आधीचे दोन शनिवार घेतो, सलग दोन दिवस घेत नाही, मधल्या आठवड्यात मसुदा घरी जाते आणि घरून काहीतरी चिकटून परत येते, टॅग आले तसं. तुम्हाला सलगच घ्यायचे असतील तर पहिला दिवस पूर्ण मसुद्याला, दुसऱ्या दिवशी सकाळी खंडशः चर्चा, जेवणानंतर मतदान, परिषद, राज्यपाल. पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर मतदानाच्या वेळी बोलवा, उद्घाटनाला नको, उद्घाटनाला बोलवलं की सकाळ गेली म्हणून समजा.

आणि मतदान तीनच्या आत घ्या. आमच्या तिसऱ्या वर्षी चर्चा रंगली म्हणून मी लांबवत राहिलो, चार वाजता फाट्यावर एसटी लागते हे माझ्या ध्यानातच नाही, हॉर्न ऐकू आला आणि सभागृह दप्तरं घेऊन पळालं. मागं कोण राहिलं म्हणून सचिवानं मोजलं तर ९. गणपूर्तीसाठी घटनेत लिहिलं आहे की एक दशांश किंवा १०, जे जास्त असेल ते. अध्यक्ष पोरगा खुर्चीवर बसूनच होता, तो म्हणे मला धरून १० होतात ना सर. अध्यक्षही सदस्यच असते, त्यालाही मोजतात, पोरगा बरोबरच होता. पण तोवर आमचा सचिवही बसमध्ये चढला होता, मग मोजलेलं लिहिणार कोण.